नाव एका वहीत, बाकी सगळीकडे नंबर

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी महिला संघटनेच्या शिबिरात फोनच्या सुरक्षिततेवर बोलायला गेले होते. जेवणानंतरचं सत्र. पोटात आमटी-भात, डोळ्यांवर झापड. भाषण बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "व्हॉट्सॲप उघडा. वर शोधायची जागा आहे, तिथे 'गोळी' टाका. आता 'सोनोग्राफी' टाका. आता 'पाळी'."

दोन मिनिटांत खोली जागी झाली. एकीच्या फोनमध्ये तीन वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट निघाला. बाईचं नाव, वय, किती आठवडे, खाली दवाखान्याचा शिक्का. "ही तर शेजारच्या वाडीतली. तिचं काम कधीच झालं, मी विसरूनसुद्धा गेले होते," ती म्हणाली. आणि हाच फोन रोज संध्याकाळी तिचा नववीतला मुलगा गेम खेळायला घेतो.

बाईला दवाखान्यापर्यंत सोबत करणारी कार्यकर्ती, हेल्पलाइनवर बसणारी मुलगी, आशाताई, समुपदेशक, मैत्रिणीबरोबर कॉलेज बुडवून जाणारी मैत्रीण, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. गर्भपात, गर्भनिरोधन, पाळी यांबद्दल लोक त्यांच्याशी विश्वासाने बोलतात, आणि ते बोलणं आता फोनमध्ये साठतं.

बातमी अमेरिकेतली, मग आपल्याला काय?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्यानंतर "पाळीची नोंद ठेवणारी ॲप काढून टाका" असे सल्ले आपल्याकडच्या ग्रुपवरही फिरले. सल्ला चूक नाही. पण त्या सुमारास नेब्रास्का राज्यात जे प्रकरण गाजलं, त्यात पाळीचं ॲप नव्हतंच. आई आणि मुलगी फेसबुकवर एकमेकींशी गोळ्यांबद्दल बोलल्या होत्या. पोलिसांनी न्यायालयाचं वॉरंट दाखवून कंपनीकडे ते मेसेज मागितले, कंपनीने दिले. २०२३ मध्ये आईला दोन वर्षांची शिक्षा झाली, मुलीला ९० दिवसांची. आणि ही चौकशी सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाच्या आधीच सुरू झाली होती, कारण तिथे जुना कायदाही ठरावीक आठवड्यांनंतर गर्भपाताला मनाई करत होता.

आता आपल्याकडे. "आपल्याकडे तर १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे," असं मला प्रत्येक सत्रात कुणीतरी सांगतं. खरंय, पण अर्धं. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा हा अपवाद आहे, मूळ नियम फौजदारी कायद्यात आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या ३१२ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८८ कलमात आला आहे. बाईचा जीव वाचवण्यासाठी नसलेला गर्भपात हा त्यानुसार गुन्हा, आणि स्वतः करून घेणारी बाईही त्यात धरलेली. १९७१ चा कायदा त्यातून वाट काढून देतो. नोंदणीकृत डॉक्टर हवा, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ.

सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखाने मात्र सर्रास मागतात. माझ्या अनुभवात आपल्याकडे पोलिसांच्या आधी घरचे येतात. फोन हातात घेणारा नवरा, दीर, भाऊ, कधी सासू. त्यामुळे अमेरिकन सल्ले जसेच्या तसे उचलून भागत नाही. तिथे भीती वॉरंटची असते. इथे झोपलेल्या बायकोचं बोट फोनवर टेकवून कुलूप उघडणारा माणूस त्याच खाटेवर असतो.

कागदाला जे कळलं होतं

मला या विषयात सगळ्यात शहाणी वाटणारी गोष्ट कुठलं ॲप नाही. ती दवाखान्यातली वही आहे.

वैद्यकीय गर्भपाताच्या नियमावलीत दाखल होणाऱ्या बायकांची एक नोंदवही सांगितली आहे. तिच्यात दर वर्षी एकपासून अनुक्रमांक सुरू होतो आणि नंबरापुढे साल लिहायचं, म्हणजे ५/२०२४ असं. ही वही गोपनीय. संस्थाप्रमुखाच्या ताब्यात राहते, कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणी उघडून बघायची नाही, आणि ठेवायची ती पाच वर्षं. संमतीपत्र पाकिटात बंद करून त्यावर 'गोपनीय' लिहायचं. खरी गंमत पुढे आहे. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, पुन्हा तपासायला यायचं कार्ड, यांतल्या कशावरही बाईचं नाव लिहायचं नाही. तिथे फक्त ५/२०२४.

म्हणजे नाव एका जागी, कुलपात. कामाचे बाकी सगळे कागद नंबरावर चालतात. थिएटरमधल्या वॉर्डबॉयच्या हातात रजिस्टर पडलं तरी त्याला नंबर दिसेल, बाई दिसणार नाही. संगणकवाले आज याच गोष्टीला भारदस्त नाव देऊन पैसे घेतात.

२०२१ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात ५अ कलमाची भर घातली. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव किंवा ओळख डॉक्टरने कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही सांगितली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मात्र हे कलम डॉक्टरला बांधतं. बाईला रिक्षात घालून घेऊन जाणाऱ्या ताईला नाही. आणि तिच्या फोनमध्ये नाव, नंबर, रिपोर्टचा फोटो, "उद्या ११ वाजता ये, रिकाम्या पोटी" असं सगळं एकत्र पडलेलं असतं. दवाखान्याने पाकिटात बंद केलेलं ताईच्या गॅलरीत उघडं. याला ताईचा निष्काळजीपणा म्हणवत नाही. वहीचे नियम कुणीतरी बसून लिहिले, फोनचे कुणी लिहिलेच नाहीत.

"व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड असतं ना?"

असतं. एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराची अशी गुंतागुंत करणं, की ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच तो वाचता येईल. साधा एसएमएस पोस्टकार्डासारखा, वाटेत कुणीही वाचावा. व्हॉट्सॲपचा मेसेज बंद लखोट्यासारखा, तो वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. २०१६ पासून तो असाच जातो. नेब्रास्कातल्या आई-मुलीचे मेसेज ज्या फेसबुक मेसेंजरवर होते, तिथे ही सोय तेव्हा आपोआप चालू नव्हती. म्हणून कंपनीकडे देण्यासारखं काही होतं.

पण लखोटा वाटेतच बंद असतो. पोचल्यावर तो उघडतो, आणि उघडं पत्र टेबलावर पडून राहतं. शिबिरात सापडलेला रिपोर्ट कुणी वाटेत चोरला नव्हता, तो टेबलावरच होता.

टेबलं किती असतात बघा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो गॅलरीत उतरतो. गॅलरी अनेकांच्या फोनवर आपोआप गुगल फोटोजमध्ये चढते. आणि ते गुगलचं खातं? मोबाइल शॉपीतल्या पोराने फोन घेताना पुतण्याच्या ईमेलवर उघडून दिलेलं. बॅकअप, म्हणजे फोन गेला तर परत मिळावी म्हणून ठेवलेली नक्कल, तीही त्याच खात्यात. घराला सात लिव्हरचं कुलूप आणि दुसरी किल्ली कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला वेगळं कुलूप लावायची सोय २०२१ च्या ऑक्टोबरपासून आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. त्या शिबिरात बावीसजणी होत्या, चालू कुणाचीच नव्हती.

आणखी एक टेबल लोकांच्या लक्षातच येत नाही. व्हॉट्सॲपच्या मेनूत 'लिंक्ड डिव्हायसेस' नावाची ओळ आहे. नवऱ्याने एकदा फोन हातात घेऊन आपल्या लॅपटॉपवरचा चौकोन स्कॅन केला, की त्यानंतर बायकोचे मेसेज त्याला तिकडे बसून दिसत राहतात. ही ओळ उघडून अनोळखी यंत्र दिसलं तर काढायला अर्धं मिनिट लागतं. त्याआधी एकच विचार करावा. ते काढल्याचं त्याला कळेल, आणि कळल्यावर घरात काय होईल? हिंसा असलेल्या घरात कधीकधी ते यंत्र तसंच राहू द्यावं आणि महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या फोनवर न्यावं.

ओट्यावरची आजी

प्रत्येक गल्लीत ओट्यावर बसलेली एक आजी असते. कोण कुणाच्या घरी गेलं, किती वाजता, किती वेळ थांबलं, येताना हातात पिशवी होती का, सगळं तिला ठाऊक. आत काय बोलणं झालं ते तिने ऐकलेलं नसतं, पण अंदाज बहुतेक बरोबर निघतो.

मेटाडेटा म्हणजे ही आजी. बोलणं नव्हे, बोलण्याच्या भोवतीची माहिती. कुणी कुणाला फोन केला, किती मिनिटं, फोन कुठल्या ठिकाणी होता, पैसे कुणाला गेले. लखोटा बंद असला तरी पाकिटावरचे पत्ते उघडेच असतात.

अमेरिकेत मे २०२२ मध्ये एका पत्रकाराने सुमारे १६० डॉलर देऊन एका कंपनीकडून माहिती विकत घेतली. कुटुंबनियोजनाच्या सहाशेहून अधिक केंद्रांत एका आठवड्यात आलेले लोक साधारण कुठल्या भागातून आले आणि नंतर कुठे गेले, हे तिच्यात होतं. कुणाचाही मेसेज फोडावा लागला नाही. हवामान किंवा गेमच्या ॲपला 'लोकेशन'ची परवानगी दिली, की अशी माहिती बाजारात जाऊ शकते. बोभाटा झाल्यावर कंपनीने ती विक्री थांबवली.

आपल्याकडची आजी जास्त घरगुती. यूपीआयने पैसे भरले, की नर्सिंग होमचं नाव खात्याच्या उताऱ्यात येतं. बँकेत नंबर नवऱ्याचा असेल तर एसएमएस त्यालाच. कुणा बाईने ताईचा नंबर 'गर्भपातवाल्या ताई' म्हणून सेव्ह केला असेल, तर फोन वाजल्यावर शेजारी बसलेल्या जावेला स्क्रीनवर तेच दिसणार.

आणखी एक उदाहरण सरकारी, आणि मुळात चांगल्या हेतूचं. गरोदर बाईची नोंद झाली की तिचा मोबाइल नंबर सरकारच्या पोर्टलवर जातो. त्या नंबरवर 'किलकारी'चे फोन येतात. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत ७२ ध्वनिमुद्रित संदेश, त्या त्या महिन्याप्रमाणे. फेब्रुवारी २०२४ पासून ते मराठीतही आहेत. बहुतेकींना त्यांचा उपयोगच होतो. पण नोंद झाल्यावर गर्भपात झाला आणि पोर्टलवरची नोंद कुणी बदलली नाही, तर? आणि दिलेला नंबर घरातल्या एकुलत्या एका फोनचा असेल तर? बाईने कुणाला सांगितलेलं नसतं, आणि फोन मात्र आता सहावा महिना चालू आहे असं धरून बोलत राहतो. म्हणून सोबत करणाऱ्या ताईने नर्सताईकडे एवढं विचारावंच, "हिची नोंद झाली होती का? बदलली का?"

"गोपनीयता म्हणजे लिंगनिवडीला आडोसा नव्हे का?"

महाराष्ट्रात हा आक्षेप येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. २०१२ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या परळीच्या दवाखान्यातलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं. ज्यांनी ते जवळून पाहिलं, त्यांना 'गर्भपात' आणि 'गुपित' हे शब्द एकत्र ऐकले की अंगावर काटा येतो.

त्याआधी कोल्हापुरात एक प्रयोग झाला होता. लक्ष्मीकांत देशमुख (नंतर बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच) तिथे जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचा डबा जोडायला लावला. प्रत्येक तपासणीचं चित्रण तो साठवून ठेवतो. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली, रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये प्रशासनाच्या बाजूने निकाल दिला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. आज तोच खटला उभा राहिला तर युक्तिवाद वेगळ्या पायावर होईल, असं मला वाटतं. निकाल काय लागेल ते सोडा.

पण आक्षेपाचं उत्तर त्या निकालात नाही, दोन कायद्यांच्या नजरेत आहे. लिंगनिदान प्रतिबंधक कायदा नजर ठेवतो ती केंद्रावर, यंत्रावर, डॉक्टरवर. बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असं तो उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतो. म्हणजे त्या कायद्यालाही बाईचं नाव चव्हाट्यावर नको आहे. केंद्रांची तपासणी व्हायलाच हवी, तिच्यासाठी गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म आहे, अधिकारी आहेत. दीडशेजणींच्या ग्रुपवर "अमुक गावची केस, आधीच्या दोन मुली, १४ आठवडे" असं टाकून लिंगनिवड थांबत नाही. त्या गावातली दोन मुलींची आई कोण, एवढंच सगळ्यांना कळतं.

"आम्ही काही चूक करत नाही, लपवायचं कशाला?"

ज्या ताईने मला हे विचारलं, तिच्या पर्समध्ये घराची किल्ली होती. तिला म्हटलं, घरात चोरीचा माल आहे म्हणून कुलूप लावता का?

शिवाय गुपित आपलं नसतंच. ते ५/२०२४ चं असतं. आपण फक्त सांभाळणारे.

एका बाबतीत मात्र स्पष्ट बोलायला हवं. मुलगी अठराच्या आतली असेल, तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. यातून पळवाट काढायला फोन सांभाळायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात मधला रस्ता दिला आहे. अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. खूप डॉक्टरांना हे माहीत नसतं. निकालाचं ते पान छापून बॅगेत ठेवा. दहा ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तसंच पुसण्याचं. जुने मेसेज ठरल्या दिवशी पुसायचे हा शिस्तीचा भाग. पण नोटीस आली, चौकशी सुरू झाली, की हात बांधून बसायचं आणि वकिलाला फोन करायचा. त्यानंतर काही पुसलं तर तो पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा. म्हणून पुसण्याचा नियम आधीच, शांतपणे, लिहून ठरवावा.

मग आता करायचं काय?

सगळं एका दिवसात होणार नाही. सगळ्यात जास्त फायद्याचं काम एकच, नाव आणि कहाणी वेगळी करणं. संस्थेत एक कागदी वही, कपाटात. तिच्यात नाव आणि नंबर. फोनवर, ग्रुपवर, एक्सेलमध्ये फक्त नंबर. "१२ नंबरला उद्या सोबत कोण जाईल?" एवढं पुरतं. देणगीदारांना अहवालात आकडे लागतात, नावं लागत नाहीत. मागितलीच तर का हवीत ते विचारावं. मी विचारलंय, बहुतेक वेळा उत्तर "तसा फॉरमॅट आहे" एवढंच येतं.

मग फोन. बोटाच्या ठशाऐवजी सहा आकडी पिन, आणि ती घरातल्या कुणाची जन्मतारीख नसावी. मुलाला गेमसाठी फोन लागतोच, तर कामाचे चॅट वेगळ्या कुलपात ठेवा, व्हॉट्सॲपमध्येच 'चॅट लॉक' आहे. फोटो गॅलरीत उतरणं बंद. बायकांशी होणाऱ्या चॅटला आपोआप पुसायची मुदत, २४ तास किंवा सात दिवस. पडदा बंद असताना मेसेजचा मजकूर वर दिसणार नाही असं सेटिंग. आणि व्हॉट्सॲपचा दुसरा पिन, 'टू-स्टेप', म्हणजे कुणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला तरी खातं हातचं जाणार नाही. रिपोर्टचा फोटो डॉक्टरला पाठवायचाच असेल तर नावाची पट्टी बोटाने झाकून काढा. साधा उपाय आहे, पण त्या शिबिरात सगळ्यांत आवडला तो हाच.

हेल्पलाइनचा नंबर स्वतःचा नसावा. तुमचं प्रोफाइल चित्र, मुलांचे फोटो, घराचं लोकेशन त्याला चिकटलेलं नसावं. या विषयावर उघड बोलणाऱ्या बायकांना शिव्या-धमक्या येतात. त्या आल्या तर पुसू नका, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

आणि फोनच हरवला तर?

स्वारगेटच्या गर्दीत एका कार्यकर्तीचा फोन गेला. सिम बंद केलं, संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक केला, दुसऱ्या फोनवरून गुगलचं खातं बाहेर काढलं. इथपर्यंत सगळं नीट. मग बैठकीत प्रश्न आला. त्या फोनमध्ये साठेक बायकांची माहिती होती, त्यांना कळवायचं का?

डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा म्हणतो, कळवायचं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यांतल्या मुदतीप्रमाणे हे बंधन मे २०२७ मध्ये लागू होतं. माहिती फुटली तर या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला सांगायचं. सुरक्षिततेची काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटींपर्यंत. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बँका आणि मोठ्या कंपन्या असणार. साठ बायकांना फोन करून "तुमची माहिती फुटली" म्हणायचं, तर त्यातले निम्मे फोन दुसराच कुणीतरी उचलणार. कळवणं हेच फोडणं.

त्या बैठकीत दोन तास यावर काथ्याकूट झाला. शेवटी संस्थेच्या वहीत नावाच्या पुढे एक नवा रकाना आखला गेला. आता बाई पहिल्यांदा येते तेव्हाच तिला विचारतात, नंतर कधी बोलायची वेळ आली तर कुठल्या नंबरवर, कधी, आणि काय म्हणून फोन करू? परवा ती वही पाहिली. एका नंबरापुढे निळ्या पेनने लिहिलं होतं, "मंगळवार दुपारी. शिलाई क्लासमधून बोलते म्हणा."